चौगुले बाईंचा जबाब

नागीण उठली आणि तीन आठवड्यांत वाळूनही गेली. पण ती जिथं उठली होती, तिथली आग चौदा महिने झाले तरी विझली नव्हती. पद्मावती चौगुले यांच्या उजव्या बरगडीखाली वीतभर जागा अशी होती, की तिथं पदर टेकला तरी तापलेली सळई ठेवल्यासारखं व्हायचं. जयसिंगपुरात बारा वर्षं मुख्याध्यापिका असलेल्या आणि कडक इस्त्रीच्या साडीशिवाय कुणी कधी न पाहिलेल्या या बाई आता घरात ढगळ गाऊन घालून, उजवा हात अंगापासून लांब धरून वावरत होत्या. गोळ्या घेतल्या की ग्लानी यायची, तोल जायचा. एकदा त्या देवघरातच पडल्या. मग मुलानं, श्रेयांसनं, पुण्याहून फोनाफोनी करून त्यांची मिरजेतल्या वेदना केंद्राची वेळ घेतली.

तिथल्या डॉक्टर निशिगंधा कोरे पस्तिशीच्या आसपासच्या होत्या. त्यांनी आधी आठवडाभर एक नुसती मोजणारी पट्टी लावली. पट्टीच्या तळाशी केसाहून बारीक शेकडो सुया होत्या. त्या कातडीखालच्या मज्जातंतूंची धडपड टिपायच्या आणि पट्टी शून्य ते शंभरमधला एक आकडा दाखवायची. त्याला वेदनांक म्हणत. बाईंचा वेदनांक एकाहत्तर आला.

"म्हणजे तुम्ही सांगता त्यापेक्षा जास्तच दुखतंय," डॉक्टर म्हणाल्या. "आता औषधाची पट्टी लावू. पण ते औषध कशापासून केलंय ते आधी नीट सांगायला हवं."

त्यांनी समजावून सांगितलं. दुखण्याची वर्दी नेणारे तंतू शरीरात असतात, तसा त्यांना आवरणारा लगामही असतो. तो लगाम ओढणारा एक पदार्थ शरीर स्वतःच तयार करतं. ज्यांनी तो शोधला, त्यांनी संस्कृतातल्या 'आनंद' शब्दावरून त्याचं नाव ठेवलं. गांजाच्या झाडातले काही रेणू बरोबर त्याच्याच जागी जाऊन बसतात. झाड ओढलं तर ते रेणू मेंदूत शिरतात आणि नशा चढते. पट्टीतला रेणू मात्र असा घडवलेला होता, की तो मेंदूच्या वेशीवरच अडायचा. तंतू पेटला की पट्टी तेवढ्यापुरतं कणभर औषध सोडणार आणि तंतू शांत झाला की थांबणार.

"म्हणजे गांजाच," बाई म्हणाल्या.

"गांजापासून केलेलं औषध."

"आमच्या घरात कांदा-लसूण चालत नाही, डॉक्टर. वीस वर्षं मी मुलांकडून व्यसनमुक्तीची शपथ म्हणून घेतलीय."

"घाई नाही. विचार करा."

बाईंनी पंधरा दिवस विचार केला. सोळाव्या दिवशी न्हाणीत पाण्याची धार बरगडीवर पडली आणि त्या तिथंच खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा मिरजेला गेल्या. नव्या कायद्यानुसार रुग्णाला कॅमेऱ्यासमोर औषधाच्या मूळ वनस्पतीचं नाव घेऊन संमती द्यावी लागे. बाई दोनदा "ती वनस्पती" म्हणाल्या. डॉक्टर म्हणाल्या, "नाव घ्यावं लागेल, बाई." तेव्हा भिंतीकडे बघत त्यांनी ते नाव घेतलं.

अकरा दिवसांत वेदनांक बावीसवर आला. बाई पुन्हा साडी नेसू लागल्या. महिला मंडळात कुणी विचारलं, तर त्या सांगत, "जपानी चुंबकाचा पट्टा आहे." केंद्राच्या बाकावर भेटणाऱ्या बायकाही घरी असंच काहीबाही सांगत असत. एकीनं तर सुनेला तो मधुमेहाचा सेन्सर आहे म्हणून सांगितलं होतं.

तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला डॉक्टर अहवाल बघून खूश झाल्या.

"इतका चांगला परिणाम थोड्यांनाच होतो. तुमच्या मज्जातंतूंची घडणच वेगळी आहे. ती जन्मजात असते. दुखणं इतरांपेक्षा जास्त पेटतं आणि या औषधानं निवतंही चटकन. सख्ख्या भावंडात ती असण्याची शक्यता निम्मी. तुम्हाला भाऊ-बहीण कुणी आहे?"

"नाही," बाई म्हणाल्या.

एस.टी.त बसल्यावर त्या 'निम्मी' हाच शब्द घोळवत राहिल्या.

त्यांना एक भाऊ होता. भूपाल मगदूम, आठ वर्षांनी धाकटा. सव्वीस वर्षांपूर्वी साखर कारखान्याच्या पट्ट्यात सापडून त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. जखम भरली, पण नसलेला पाय दुखायचा थांबला नाही. तो सांगायचा, "बोटं मुठीसारखी आवळल्याती अक्का, सोडवताच येत न्हाईत." डॉक्टरांनी मनाचा खेळ म्हटलं. अक्का म्हणाली होती, "नाटकं पुरे झाली. काम करायला नको तुला." मग तो कुठल्याशा मठात जाऊन बसू लागला, गांजा ओढू लागला आणि ओढला की निवांत झोपू लागला. त्याची ती झोप बघून तर बाईंचं डोकं आणखी भडकायचं. बावीस वर्षांपूर्वी, तो त्यांच्याच घरी राहत असताना, माळ्यावर पुडी सापडली, तेव्हा त्यांनी स्वतः पोलिसांना बोलावून ती दाखवली. भूपालला चार वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर दोघांची भेट नव्हती.

आठ दिवस त्यांनी कसेबसे काढले आणि नवव्या दिवशी, तो जिथं असल्याचं कानावर होतं ते कुरुंदवाड गाठलं.

भूपालचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान शोधायला त्रास पडला नाही. जळालेल्या मोटरीतली तार उपसून नवी भरायची, हे काम तो तुरुंगात शिकला होता. साठीचा, पिकलेल्या दाढीचा तो माणूस स्टुलावर बसून तांब्याची तार गुंडाळत होता. गुडघ्याखालच्या थोट्या पायाला त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधली होती.

त्यानं वर बघितलं. हातातल्या तारेचा फेरा पुरा केला.

"बस," तो म्हणाला. "भावजी गेल्याचं कळलं होतं. आलो न्हाई."

"पाय अजून दुखतो?"

"पाय कुठाय?" तो म्हणाला. मग तार खाली ठेवून त्यानं डोळे मिटले. जबडा घट्ट झाला, कानशिलावरची शीर उडू लागली. मिनिटभरानं त्यानं डोळे उघडले आणि काही झालंच नाही अशा रीतीनं तार उचलली. "ट्यूब आवळली की जरा बरं वाटतंय."

"आणि ते... ओढणं?"

"आत गेलो त्या दिवसापासनं शिवलो न्हाई."

बाईंनी मिरजेच्या केंद्राचा विषय काढला. औषध आपल्यालाच लागू पडलंय हे मात्र त्या बोलल्या नाहीत. "ओळखीच्या एकींना" म्हणाल्या. भूपाल हसला.

"मी दोन वर्षांमागं अर्ज केलाय. नापास. गांजा ओढल्याची शिक्षा असली तर चालतंय, पण विकल्याची असली तर जन्मभर बंदी. माझ्यावर विक्रीचं कलम हाय. शाळेच्या फाटकावर पोरांस्नी विकत होतो म्हणं." त्यानं चहाचा कप त्यांच्यासमोर सरकवला. "तू पुडी दाखवलीस, त्याचं मी काय मनात ठेवलं न्हाई. तुझं नियम तुला. पण पोरांस्नी विकल्याचं पोलिसांनी मनानं घातलं, अक्का. वकील म्हणाला, कबूल कर, शिक्षा कमी बसंल. मी कागदसुदिक वाचलं न्हाईत. सई केली."

चहा तसाच राहिला. बाई घरी आल्या.

पोलिसांनी मनानं काही घातलं नव्हतं. ते पद्मावती चौगुलेंनी सांगितलं होतं. 'मधल्या सुट्टीत फाटकाजवळ तो मुलांना पुड्या देताना मी समक्ष पाहिलं आहे,' अशा जबाबाखाली त्यांनी वळणदार अक्षरात सही केली होती. नुसत्या पुडीवर तो सहा महिन्यांत सुटून परत आला असता. तेव्हा त्यांच्या मुख्याध्यापिकेच्या नेमणुकीचा विषय समितीपुढे होता. गंजेटी भाऊ घरात असलेली बाई समितीला चालली नसती. स्वतःच्याच भावाला कायद्याच्या हवाली करणारी बाई मात्र समितीनं टाळ्या वाजवून नेमली.

ही गोष्ट बाईंनी कधी कुणाला सांगितली नव्हती. काही वर्षांनी त्यांना स्वतःलाही वाटू लागलं होतं, की फाटकाजवळ आपण काहीतरी पाहिलं असावं. आता बरगडीवरची पट्टी दर थोड्या वेळानं चिमटीएवढी ऊब देऊन दुखणं विझवत होती आणि प्रत्येक वेळी त्यांना ट्यूब आवळलेला तो थोटा पाय दिसत होता. एकदा त्यांनी पट्टी काढून ठेवली. दोन तासांत आग परत आली. तासभर त्यांनी ती सोसली आणि मग पट्टी पुन्हा लावली. त्याची त्यांना जास्त लाज वाटली.

त्यांनी डॉक्टर कोरेंना फोन केला.

"मला भाऊ आहे. मी खोटं बोलले होते."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. बंदी उठवण्यासाठी कोल्हापूरला एक फेरविचार समिती होती. मूळ जबाब देणाऱ्यानंच शपथेवर तो खोटा असल्याचं सांगितलं, तर विक्रीचा शिक्का पुसला जाऊ शकत होता. मात्र अर्जावर भूपालची सही लागणार होती.

"म्हणजे त्यांना सांगावं लागेल, बाई," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तुमच्यावर खटला होऊ शकतो."

श्रेयांसला फोनवर सगळं कळवलं. तो म्हणाला, "आई, बावीस वर्षं झाली. आता उकरून कुणाचं काय भलं होणार? तुझं नाव आहे गावात."

"मामाचं दुखणं थांबेल," बाई म्हणाल्या.

दुसऱ्यांदा त्या कुरुंदवाडला गेल्या, तेव्हा भूपाल दुरुस्त झालेली मोटर चालवून बघत होता. तिच्या घरघरीत बोलणं अशक्य होतं. त्यानं ती बंद करेपर्यंत बाई उभ्या राहिल्या.

"विक्रीचं पोलिसांनी घातलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं होतं. पाहिलं म्हणून सांगितलं. पाहिलं नव्हतं."

भूपालनं कपड्याला हात पुसले.

"का?"

"तू लवकर परत येऊ नयेस म्हणून. माझी नेमणूक व्हायची होती."

समोरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला. तो लांब जाईपर्यंत भूपाल रस्त्याकडे बघत राहिला.

"सुमती गेली माहेरला मी आत असताना," तो म्हणाला. "तिच्या बापानं तेच सांगितलं तिला. ओढणाऱ्याबरं कसंबी नांदता आलं असतं, पोरांस्नी विष विकणाऱ्याबरं न्हाई."

बाईंना हे ठाऊक होतं. त्यांनी पिशवीतून अर्ज काढून बाकावर ठेवला.

"ही पट्टी मीच लावते, भूपाल. ती ओळखीची बाई मीच. डॉक्टर म्हणतात, आपल्या दोघांच्या शिरा सारख्या असतील. तुला तेव्हा खरंच त्यानं बरं वाटत असणार."

"ते मी सांगतच हुतो की," भूपाल म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "कागद ठेव. जा आता."

चार दिवसांनी सही केलेला अर्ज टपालानं आला. सोबत चिठ्ठी नव्हती.

समितीत तीन माणसं होती. मधल्या निवृत्त न्यायाधीशांनी जुना जबाब वाचून दाखवला आणि विचारलं, "हे तुम्ही पाहिलं होतं?"

"नाही."

"कुणी दबाव आणला होता?"

"नाही."

"आज कुणाच्या दबावाखाली आहात?"

"नाही, साहेब."

भूपालची बंदी उठली. त्याच दिवशी बाईंच्या खोट्या जबाबाचे कागद पुढच्या कारवाईसाठी कोर्टाकडे गेले. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आणि तेवढ्या पुरल्या. महिला मंडळाचं बोलावणं बंद झालं. शाळेच्या वार्षिक समारंभाच्या पत्रिकेतून त्यांचं नाव गेलं. मंदिरात जिच्याशी रोज 'जय जिनेंद्र' व्हायचं, ती शेजारीण त्यांना बघितल्यावर जपमाळेत मान खाली घालू लागली. मात्र त्याच महिन्यात गावातल्या नवव्या गल्लीतल्या तीन बायका वेगवेगळ्या दुपारी आल्या, दार लोटून घेतलं आणि ती पट्टी कुठं मिळते ते हळूच विचारून गेल्या. बाईंनी तिघींना नीट पत्ता लिहून दिला. आता चुंबकाचं नाव घेतलं नाही.

भूपालच्या तपासणीच्या दिवशी त्या न बोलावता केंद्रात जाऊन बसल्या. तो आला, त्यांना बघून थांबला आणि दोन खुर्च्या सोडून बसला. परिचारिकेनं फॉर्म भरताना विचारलं, "ह्या तुमच्यासोबत आहेत? कोण लागतात?"

"ह्या चौगुले बाई," भूपाल म्हणाला. परिचारिकेनं नात्याची जागा कोरी ठेवली.

आठवडाभराच्या मोजणीचा आलेख डॉक्टरांनी पडद्यावर लावला. भूपालच्या परवानगीनं बाईही आत होत्या. सरासरी वेदनांक चौऱ्याऐंशी. झोपेतसुद्धा रेघ सत्तरच्या खाली उतरलेली नव्हती. बाईंचं सगळ्यात वाईट दिवसांतलं दुखणं एकाहत्तर होतं आणि ते त्यांना चौदा महिनेही सोसवलं नव्हतं. पडद्यावरची ती रेघ त्यांनी सव्वीस वर्षं मागं ओढून बघायचा प्रयत्न केला. नाटकं पुरे झाली, असं त्या म्हणाल्या होत्या.

डॉक्टरांनी एक पट्टी थोट्या पायावर आणि एक कमरेच्या मणक्याशी लावली, कारण गेलेल्या पायाचे तंतू तिथून निघतात. "लगेच काही वाटेल असं नाही," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या रुग्णाकडे गेल्या.

खोलीत दोघंच राहिले. पाऊण तास भूपाल छताकडे बघत पडून होता. मग त्यानं कोपरावर जोर देऊन मान उचलली आणि जिथं पाय नव्हता, तिथं चादरीकडे टक लावून बघितलं.

"अंगठा सुटला," तो म्हणाला.

बाईंनी चादरीच्या त्या सपाट जागेकडे बघितलं.

"दुसरंबी सुटतंय." त्यानं डोळ्यांवर आडवा हात घेतला. मग तो त्याच हाताआडून बोलला. "इतकी वर्षं मी त्या नलवडे हवालदाराला शिव्या दिल्या. त्यानंच घातलं कलम, म्हणून. सुटून आल्यावर भर बाजारात त्याच्या तोंडावर थुंकलो होतो. त्यो गप पुसून गेला. मेला चार वर्षांमागं. त्याचा पोरगा मोटर घिऊन आला, तर त्यालाबी हाकलला. दोनदा." त्यानं हात काढला. "आता त्याला काय सांगू मी?"

"मी सांगते," बाई म्हणाल्या.

"तूच सांग. अब्दुललाटला असतोय. पाण्याच्या टाकीमागं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई अब्दुललाटला उतरल्या. नलवड्यांचा मुलगा दारात गुरांची वैरण सोडत होता. चाळिशीतला, सावळा. बाईंनी नाव सांगितलं तसं त्यानं खुर्ची आणून ठेवली. त्या बसल्या नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. बाजारातल्या त्या प्रसंगासकट.

त्यानं हातातली पेंढी खाली ठेवली.

"त्या दिवशी मी बाबांबरोबर होतो," तो म्हणाला. "घरी आल्यावर मी लई भांडलो त्यांच्याशी. म्हटलं, खोटी केस घातली असणार तुम्ही, त्याशिवाय असा कोण थुंकतंय? पुढं कॉलेजात गेल्यावरबी मी त्यांना हेच बोलायचो." त्यानं हातांना लागलेली वैरण झटकली. "ते म्हणायचे, मी एक अक्षर वाढवलं न्हाई. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, तसं लिहिलं. आणि बाई खोटं कशाला बोलतील?"

आतून कुणीतरी त्याला हाक मारली. तो गेला नाही. बाई निघाल्या नाहीत, आणि त्यालाही त्यांना जा म्हणवेना. दोघं तसेच अंगणात उभे राहिले.